कॉर्नियावर भोवरा दिसला तर: औषध, आनुवंशिक आजार आणि पुढची पावलं

"काका, हृदयाची गोळी चालू आहे ना?" स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून, नजर न काढता मी विचारलं.

"होती. आठ दिवस झाले, बंद केलीय. मागच्या तपासणीत म्हणाले, डोळ्यात औषधाचा थर बसलाय. म्हटलं, डोळे जाण्यापेक्षा गोळी गेलेली बरी."

माझ्या छातीत धस्स झालं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत, बाहुलीच्या जरा खालच्या बाजूला, सोनेरी-तपकिरी बारीक रेघांचा भोवरा होता. नजर मात्र दोन्ही डोळ्यांनी तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत स्वच्छ. ज्या थरानं त्यांचं काहीही बिघडवलं नव्हतं, त्याच्या धास्तीनं त्यांनी हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी अमिओडॅरोन बंद करून टाकली होती. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांशी तिथूनच बोलणं करून दिलं आणि गोष्ट मार्गी लागली. पण "थर बसलाय" एवढंच सांगून माणसाला घरी पाठवलं की काय होऊ शकतं, ते त्या दिवशी समजलं.

मी नेत्रतपासणीचं काम करते. औषध चालू ठेवायचं की थांबवायचं हे माझ्या हातात नाही, आणि हा लेख वाचून तुम्हीही ते ठरवू नका. मात्र कॉर्नियावर काही दिसलं असेल तर कोणते प्रश्न विचारायचे, कोणती माहिती गोळा करायची, कोणाकडे जायचं आणि किती घाई करायची, हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. कॉर्नियावरचा असा बदल बऱ्याचदा डोळ्याचं दुखणं नसतोच. शरीरात दुसरीकडे काय चाललंय, त्याची ती खूण असते. खूण पुसायच्या मागे न लागता ती वाचायची.

पहिलं पाऊल: बदल कोणत्या थरात आहे ते विचारा

कॉर्निया म्हणजे बुबुळासमोरची पारदर्शक काच. पुस्तकी मराठीत पारपटल. मध्यभागी तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, तरी तिच्यात थर आहेत: सगळ्यात वर पेशींची पातळ त्वचा, मध्ये जाड गाभा, त्याच्या मागे डेसिमेट नावाचा पापुद्रा, आणि सर्वांत आत पाणी उपसणाऱ्या पेशींची एकेरी रांग. स्लिट लॅम्पच्या उभ्या, अरुंद प्रकाशात कॉर्निया कापलेल्या फोडीसारखी आडवी दिसते, त्यामुळे साका नेमका किती खोलवर आहे ते कळतं.

ही खोलीच कारणाकडे बोट दाखवते. अमिओडॅरोनचा आणि फॅब्री या आनुवंशिक आजाराचा भोवरा वरच्या त्वचेत असतो. विल्सन या आनुवंशिक आजारात शरीरात साठणारं तांबं डेसिमेटच्या पापुद्र्यात बसतं. मानसिक आजारासाठी दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेतलेल्या क्लोरप्रोमाझिनचे कण कॉर्नियाच्या आतल्या भागात आणि भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागावर दिसतात. फुक्स आजारात बिघाड सगळ्यात आतल्या रांगेत असतो. म्हणून "डोळ्यात काहीतरी जमलंय" असं कोणी म्हणालं तर तिथल्या तिथे चार गोष्टी विचारून लिहून घ्या: कोणत्या थरात, एका डोळ्यात की दोन्ही डोळ्यांत, आकार कसा, आणि नजरेवर परिणाम आहे का. पोटातून गेलेल्या औषधाचा किंवा आनुवंशिक आजाराचा बदल सहसा दोन्ही डोळ्यांत असतो. एकाच डोळ्यात असेल तर आधी जखम, जंतुसंसर्ग किंवा त्या डोळ्यात घातलेले थेंब यांचा विचार होतो.

शक्य असेल तर स्लिट लॅम्पवर फोटो काढून घ्या. सहा महिन्यांनी "वाढलंय का?" या प्रश्नाचं उत्तर आठवणीवर सोडण्यापेक्षा फोटोवर सोडलेलं बरं.

दुसरं पाऊल: औषधांची खरी यादी

"काही विशेष घेत नाही, बीपीची एक गोळी" असं सांगणाऱ्यांच्या पिशवीतून मी सात-सात पाकिटं निघालेली पाहिली आहेत. म्हणून यादी तोंडी नको. घरातली सगळी औषधं टेबलावर मांडा आणि प्रत्येकाचं मूळ औषधाचं नाव, मात्रा, सुरू केल्याचा महिना आणि वर्ष लिहा. ब्रँडचं नाव पुरत नाही, कारण एकच औषध दहा नावांनी मिळतं. आता बंद असलेली औषधंही लिहा. काही औषधं शरीरात फार रेंगाळतात. अमिओडॅरोनची शरीरातली मात्रा निम्मी व्हायलाच सरासरी दोन महिन्यांच्या आसपास लागतात.

डोळ्यांचे थेंब लोक हमखास विसरतात. काचबिंदूसाठीच्या नेटारसुडिल थेंबांनीही असाच भोवरा उमटतो आणि थेंब बंद केल्यावर तो विरतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब कॉर्नियाच्या जखमेवर वारंवार घातले की पांढरा, खडूसारखा थर बसू शकतो. जखम बिघडली असं वाटून घरचे घाबरतात, पण ते औषधाचेच स्फटिक असतात आणि कालांतरानं जातात.

यादीच्या शेवटी स्वतःचं वजन आणि मूत्रपिंडाचा काही त्रास असल्यास तो लिहा. हे कशासाठी, ते हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनच्या भागात कळेल.

भोवरा का उमटतो

डोक्यावरच्या केसांचा भोवरा डोळ्यांसमोर आणा. कॉर्नियावरच्या रेघा तशाच एका बिंदूभोवती वळत बाहेर पसरतात. सुरुवातीला त्या मांजराच्या मिशांसारख्या दोन-चार आडव्या रेघाच असतात आणि हळूहळू पूर्ण भोवरा बनतो.

कॉर्नियाची वरची त्वचा आठवडा-दहा दिवसांत नवी होते. नव्या पेशी तयार होतात त्या काठावर, जिथे काळं बुबुळ आणि डोळ्याचा पांढरा भाग एकमेकांना भेटतात. तिथून त्या वळणावळणानं मध्याकडे सरकतात. ही वाट प्रत्येकाच्या डोळ्यात असते, फक्त दिसत नाही. काही औषधं पेशीतल्या लायसोसोम नावाच्या कचरापेटीत शिरून तिथल्या स्निग्ध पदार्थांना चिकटतात. मग त्या पदार्थांचं विघटन होत नाही आणि पेशी भरल्या पोटानं चालत राहते. अशा हजारो पेशींच्या रांगेमुळे एरवी न दिसणारी वाट रंगीत होते. फॅब्री आजारात औषध लागतच नाही. तिथे कचरा पचवणारं एन्झाइमच जन्मतः कमी असतं. कारणं दोन, पण अडथळा एकाच जागी, म्हणून चित्रही एकच. मला हे दरवेळी तितकंच विलक्षण वाटतं.

अमिओडॅरोन घेणाऱ्यांसाठी

हे औषध काही महिने नियमित घेणाऱ्या बहुतेक सर्वांच्या कॉर्नियावर भोवरा दिसतो. न दिसणारा माणूसच विरळा. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. काहींना रात्री दिव्यांभोवती निळसर-हिरवट वलयं दिसतात, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फाकल्यासारखा वाटतो. औषध थांबलं, तर रेघा काही महिन्यांत, कधी वर्षभराहून जास्त काळानं, मागे काहीही न ठेवता जातात. पण केवळ भोवरा आहे म्हणून अमिओडॅरोन थांबवायचं कारण नाही.

करायचं ते असं. पुढच्या भेटीत हृदयरोगतज्ज्ञांना कॉर्नियावरचा बदल सांगा, म्हणजे नोंद राहील. रात्री गाडी चालवताना वलयांचा त्रास होत असेल तर तोही मोकळेपणानं सांगा. मात्रा कमी करता येईल का, हा विचार तेच करू शकतात. या औषधानं त्वचा उन्हाला हळवी होते, तेव्हा टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल वापरा. थायरॉइड, यकृत आणि फुफ्फुसाच्या तपासण्या डोळ्यापेक्षा महत्त्वाच्या आहेत, त्या चुकवू नका.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. अमिओडॅरोन घेणाऱ्या थोड्या लोकांत दृष्टीच्या नसेला सूज आल्याचं आढळतं. तिचा भोवऱ्याशी संबंध नाही. डोळा दुखत नाही, पण नजर मंदावते, रंग फिके वाटतात किंवा दृष्टीचा एखादा भाग झाकोळतो. असं वाटलं तर त्याच दिवशी डोळे दाखवा आणि हृदयरोगतज्ज्ञांनाही कळवा. औषध थांबवायचं की बदलायचं, ते दोघे मिळून ठरवतील. "तो थर आहे ना, त्यामुळे असेल" अशी समजूत घालून बसणं इथे महागात पडतं.

हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन: कॉर्नियापेक्षा पडदा जपा

ल्युपस, संधिवात अशा आजारांत हे औषध वर्षानुवर्षं चालतं, आणि फार चांगलं काम करतं. क्लोरोक्वीननं कॉर्नियावर भोवरा सहज उमटतो, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीननं आताच्या मात्रेत क्वचित. कॉर्नियावरचा साका निरुपद्रवी, जाणारा. खरा धोका मागच्या पडद्याला, म्हणजे रेटिनाला, असतो. तिथलं नुकसान भरून येत नाही आणि सुरुवातीला जाणवतही नाही. म्हणून या औषधावर असताना भोवरा दिसला तर मी तो मात्रा पुन्हा तपासून बघायचा इशारा मानते.

हिशोब घरी करता येतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीच्या २०१६ च्या शिफारशींनुसार रोजची मात्रा प्रत्यक्ष वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत असावी. वजन ६० किलो असेल तर ३०० मिलिग्रॅम. गोळी सहसा २०० ची असते, त्यामुळे एका दिवशी दोन आणि दुसऱ्या दिवशी एक असं दिलं की सरासरी ३०० येते. तुम्ही वर्षानुवर्षं रोज दोन घेत असाल आणि मधल्या काळात वजन ७५ वरून ५८ वर आलं असेल, तर हा आकडा घेऊन तुमच्या संधिवाततज्ज्ञांकडे जा. स्वतः गोळी कमी करू नका. ल्युपस उफाळला तर मूत्रपिंडावर बेतू शकतं.

औषध सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षात पडद्याची एक मूळ तपासणी, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी, असा त्या शिफारशींचा क्रम आहे. मूत्रपिंड कमजोर असेल, स्तनाच्या कर्करोगासाठीचं टॅमॉक्सिफेन चालू असेल किंवा पडद्याचा आधीचा काही आजार असेल तर पाच वर्षं थांबायचं नाही. योग्य मात्रेत पहिल्या पाच वर्षांत पडद्याला इजा होण्याचा धोका १ टक्क्याहून कमी, दहा वर्षांपर्यंत २ टक्क्यांहून कमी असतो. वीस वर्षांनंतर मात्र तो २० टक्क्यांच्या जवळ जातो. "इतकी वर्षं काही झालं नाही, आता कशाला तपासायचं" असं मला सांगणारे बरेच भेटतात. वर्षं वाढतात तशी तपासणीची गरज वाढते.

औषध सापडलं, तरी एक प्रश्न बाकी आहे

भोवरा दिसला, यादीत एकही संशयित औषध नाही. अशा वेळी फॅब्री आजाराचा विचार झालाच पाहिजे. जर्मनीचे योहानेस फॅब्री आणि इंग्लंडचे विल्यम अँडरसन यांनी १८९८ मध्ये, एकमेकांना न कळता, या आजाराचं वर्णन केलं. कॉर्नियावरच्या भोवऱ्याचं वर्णन ब्रुनो फ्लायशर यांनी १९१० मध्ये केलं, आणि तो या आजाराची खूण आहे हे पुढे उलगडलं.

फॅब्रीत अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए हे एन्झाइम कमी पडतं आणि एक स्निग्ध पदार्थ मूत्रपिंड, हृदय, नसा, रक्तवाहिन्या यांच्या पेशींत साठत जातो. डोळ्याला त्रास जवळजवळ शून्य, पण बाकी शरीरात चाळिशीच्या आसपास मूत्रपिंड निकामी होणं, हृदयाचे स्नायू जाड होणं, तरुण वयात पक्षाघात येणं असं काहीही पुढे उभं राहू शकतं. चष्म्याचा नंबर तपासायला आलेल्या माणसात हा आजार पहिल्यांदा सापडू शकतो, म्हणून आमच्या कामात डोळे उघडे ठेवावे लागतात.

खुर्चीत बसलेल्याला मी हे प्रश्न विचारते, तुम्हीही स्वतःला विचारा. लहानपणी हातापायांच्या तळव्यांत आग व्हायची का, विशेषतः ताप आल्यावर किंवा खेळून आल्यावर? घाम कमी येतो का? कमरेपासून मांड्यांपर्यंत बारीक लाल-जांभळे ठिपके आहेत का? जेवल्यावर पोटात मुरडा, जुलाब असं वारंवार होतं का? घरात कोणाला तरुण वयात डायलिसिस, पक्षाघात किंवा हृदयाचं दुखणं झालं होतं का? कितीतरी जणांना शाळेत "पाय दुखतात म्हणून नाटक करतो" असं ऐकावं लागलेलं असतं. हा प्रश्न विचारला की ते क्षणभर गप्प होतात, आणि मग सांगायला लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फॅब्रीच्या रुग्णाचं हृदय बिघडलं की ठोक्यांसाठी त्याला अमिओडॅरोन दिलं जाऊ शकतं. मग भोवरा दिसतो आणि सगळ्यांचं समाधान होतं की औषधामुळे आहे. मूळ आजार तसाच झाकलेला राहतो. म्हणून अमिओडॅरोन चालू असलं तरी वय कमी असेल, हृदयाचे स्नायू कारणाशिवाय जाड असतील किंवा लघवीत प्रथिनं जात असतील, तर "फॅब्रीची तपासणी करायची का?" असं स्पष्ट विचारा. हा प्रश्न विचारल्यानं कोणाचा अपमान होत नाही. शिवाय फॅब्रीसाठी एन्झाइमचे उपचार चालू असताना अमिओडॅरोन आणि क्लोरोक्वीन टाळायला सांगितलेलं असतं, त्यामुळे निदान होणं औषध निवडण्यासाठीही गरजेचं आहे.

तपासणीत स्त्री-पुरुष फरक आहे. पुरुषात रक्तातलं एन्झाइम मोजलं की बहुधा उत्तर मिळतं. स्त्रीमध्ये ते सामान्य येऊनही आजार असू शकतो, तिथे जीएलए जनुकाची तपासणीच करावी लागते. "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून बाईला परत पाठवलं असेल तर कोणता रिपोर्ट, हे नक्की बघा. स्त्रिया फक्त वाहक असतात हा समज जुना झाला. त्यांनाही आजार होतो, आणि भोवरा बहुतेकींच्या डोळ्यांत दिसतो. उलट, उशिरा सुरू होणाऱ्या प्रकारांत भोवरा नसूही शकतो, म्हणजे स्वच्छ कॉर्निया पाहून फॅब्री नाहीच असं म्हणता येत नाही.

निदान झालं की कागद घेऊन घराण्याची वंशावळ काढा. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाधित वडिलांकडून ते प्रत्येक मुलीला जातं, मुलाला कधीच नाही. बाधित आईकडून प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, निम्मी शक्यता. मावशा, मामा, त्यांची मुलं, कोणालाही वगळू नका. उपचार आहेत: दर दोन आठवड्यांनी शिरेतून दिलं जाणारं एन्झाइम, आणि काही ठराविक जनुकबदलांत एक दिवसाआड घ्यायची मिगॅलास्टॅटची कॅप्सूल. अवयव थकण्याआधी सुरू झाले तर त्यांचा उपयोग जास्त.

काठावरचं तपकिरी वलय

विल्सन आजारात यकृत तांबं बाहेर टाकू शकत नाही. ते यकृतात, मेंदूत आणि कॉर्नियाच्या डेसिमेट पापुद्र्यात साठतं. काठालगत सोनेरी, तपकिरी किंवा हिरवट वलय दिसतं, त्याला कायसर-फ्लायशर वलय म्हणतात. ते आधी वरच्या बाजूला उमटतं, मग खाली, मग दोन्ही टोकं जोडली जातात. वरचा भाग पापणीखाली झाकलेला असतो, त्यामुळे पापणी वर उचलून पाहिल्याशिवाय "वलय नाही" असं लिहूच नये. मुलाच्या तपासणीला गेलात आणि कोणी पापणी उचलली नाही, तर विनंती करा.

मेंदूची लक्षणं असलेल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत हे वलय सापडतं. फक्त यकृताचा त्रास असेल तर साधारण निम्म्यांतच. म्हणून मोठ्या मुलात किंवा तरुणात कारण न सापडलेली कावीळ, हाताचा थरकाप, बिघडलेलं अक्षर, अडखळणारं बोलणं, अचानक बदललेला स्वभाव, यांपैकी काही असेल तर डोळा स्वच्छ असूनही रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं तपासायला हवं. पित्त तुंबणाऱ्या यकृताच्या काही जुनाट आजारांतही असं वलय येतं, तेव्हा निदान एकट्या वलयावर होत नाही.

सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. ती वरून ठणठणीत दिसत असली तरी तपासा. उपचार आयुष्यभर घ्यायचे असतात. बरं वाटतंय म्हणून मध्येच थांबवणाऱ्यांचं यकृत अचानक कोसळू शकतं. उपचारानं वलय काही वर्षांत फिकं होतं, आणि फिकं झालेलं पुन्हा गडद दिसलं तर आम्ही आधी विचारतो, गोळ्या नियमित चालू आहेत ना.

याउलट काठावरचं पांढुरकं-करडं वलय साठीच्या माणसात वयाची खूण असते. तेच चाळिशीच्या आत दिसलं तर कोलेस्टेरॉल तपासा, आईवडिलांचं आणि भावंडांचंही.

लहान मुलं

उजेडात डोळे मिटून घेणाऱ्या मुलाला "लाडावलंय" म्हणू नका. सिस्टिनोसिस या आनुवंशिक आजारात साधारण वर्षाच्या वयापासून कॉर्नियात सुईसारखे चमकणारे स्फटिक दिसायला लागतात, आणि उजेड अक्षरशः टोचतो. सोबत वाढ खुंटणं, फार तहान आणि खूप लघवी हे असेल तर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे लगेच जा. सिस्टिअमिन हे औषध पोटातून दिलं तर मूत्रपिंड वाचवायला मदत होते, पण कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्यानं ते तिथे पोचत नाही. डोळ्यासाठी थेंबच हवेत. पातळ थेंब जागेपणी तासातासाला, घट्ट प्रकारचे दिवसातून चार वेळा. आईबापांसाठी हे किती कष्टाचं आहे याची मला जाणीव आहे, पण याच थेंबांनी मूल खिडकीचा पडदा उघडू देतं.

धुरकट कॉर्निया, रुंद होत जाणारा चेहरा, ताठरणारे सांधे, वारंवार हर्निया असं एकत्र दिसलं तर म्युकोपॉलिसॅकरिडोसिस या आनुवंशिक आजारांच्या गटाची तपासणी लागते. यातल्या हर्लर प्रकारात कॉर्निया धुरकट होते, हंटर प्रकारात सहसा स्वच्छ राहते.

टायरोसिनेमिया, म्हणजे रक्तात टायरोसिन साठण्याचा आनुवंशिक आजार, त्याच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आवर्जून सांगते, कारण तो चुकतो. कॉर्नियावर फांद्यांसारखे व्रण दिसतात आणि ते हर्पीसचे समजून विषाणूविरोधी औषध दिलं जातं. हर्पीस बहुधा एका डोळ्यात असतो. व्रण दोन्ही डोळ्यांत असतील, औषधानं हटत नसतील आणि तळहात-तळपायांची कातडी जाड व दुखरी असेल, तर रक्तातलं टायरोसिन मोजा. टायरोसिन आणि फेनिलअॅलनिन कमी असलेल्या आहारानं हे व्रण भरून येतात.

घराण्यातले कॉर्नियाचेच आजार

डिस्ट्रोफी या गटात बिघाड कॉर्नियापुरताच असतो. दाणेदार, जाळीदार, डागाळ असे प्रकार, आणि प्रत्येकाचं जनुक ठरलेलं. इथे एकच सूचना ठासून: घरात कोणाच्या कॉर्नियात पांढरे ठिपके असतील किंवा कोणाचं कॉर्निया प्रत्यारोपण झालं असेल, तर चष्मा घालवायच्या लेझरआधी ते सांगा. दाणेदार डिस्ट्रोफीचा दुसरा प्रकार, ज्याला अवेलिनो म्हणतात, त्यात लेसिक केल्यावर ठिपके झपाट्यानं वाढतात. अमिओडॅरोन आणि मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन चालू असतानाही अशा लेझरची घाई नको. दोन्ही औषधांबद्दल लेझर यंत्रांच्या सूचनांमध्ये सावधगिरी सांगितलेली असते.

फुक्स आजार पन्नाशीनंतर, स्त्रियांत जास्त. त्याची ओळख सोपी: सकाळी उठल्यावर धूसर, दुपारपर्यंत स्वच्छ. रात्रभर मिटलेल्या डोळ्यातून पाणी उडत नाही, म्हणून कॉर्निया सुजते. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी हे लक्षण सर्जनला सांगाच, कारण आतल्या पेशी कमी असतील तर शस्त्रक्रियेची आखणी वेगळी करावी लागते. कंपवातासाठी अमांटाडीन घेणाऱ्यांतही कधी कॉर्निया अशीच सुजते. तेव्हा कारण फुक्स की गोळी, हे आधी बघावं लागतं.

कर्करोगाचे उपचार चालू असतील तर

इथे वेगळा नियम. सायटाराबिन मोठ्या मात्रेत देताना डोळे लाल होऊन प्रचंड टोचू शकतात, म्हणून स्टिरॉइडचे थेंब आधीपासूनच सुरू करतात. ते वेळेवर घाला. बेलान्टामॅब माफोडोटिनसारख्या औषधानं कॉर्नियावर बारीक फोडांसारखे बदल होऊन नजर खरोखर कमी होते, आणि डोस पुढे ढकलायचा की कमी करायचा हे डोळ्याच्या तपासणीवर ठरतं. त्यामुळे डोसाआधीची नेत्रतपासणी टाळू नका, आणि या काळात कॉन्टॅक्ट लेन्स नको.

हे दिसलं तर त्याच दिवशी जा

दुखणारा लाल डोळा आणि उजेड सहन न होणं, नजरेत अचानक घट, कॉर्नियावर उघड्या डोळ्यांना दिसणारा पांढरा डाग. आणि कोणतंही नवं औषध सुरू केल्यावर ताप, तोंडात फोड, अंगावर चट्टे आणि डोळ्यांची आग एकत्र आली तर स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमची, म्हणजे औषधाच्या गंभीर प्रतिक्रियेची, शंका घेऊन थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. ज्या औषधाचा संशय आहे त्याचा पुढचा डोस तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, पाकीट सोबत न्या, आणि नेत्रतज्ज्ञांना पहिल्याच दिवशी बोलवा असं सांगा. तिथे गेलेले दिवस कॉर्नियाला परत मिळत नाहीत.

भेटीला जाताना

एक साधी वही पुरते. पहिल्या पानावर औषधांची यादी आणि वजन, दुसऱ्यावर वंशावळ, पुढे प्रत्येक तपासणीची तारीख, दोन्ही डोळ्यांची नजर, कोणत्या थरात काय दिसलं, आणि फोटोची प्रत. नेत्रतज्ज्ञांना विचारायचं: हा बदल नजर बिघडवतोय का, याचं कारण डोळ्याबाहेर कुठे आहे का, मी आणखी कोणाला दाखवू, आणि पुन्हा कधी येऊ? औषध देणाऱ्या डॉक्टरांसाठी त्यांच्याकडून दोन ओळींची चिठ्ठी मागून घ्या: बदल काय आहे, तो औषध थांबवण्याइतका आहे की नाही.

काकांच्या वहीत आता तशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. गेल्या खेपेला त्यांनी ती आधी उघडून दाखवली आणि मगच हनुवटी स्लिट लॅम्पवर टेकवली.